अहवाल उन्हाळ्यातला, नाला पावसाळ्यातला: कोळसा सायडिंगच्या जनसुनावणीआधी

धुऱ्यावरचा (सोमवार, रात्री ९.१०)

मंडळींना नमस्कार. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे. जवळच्या कोळसा खाणीचा विस्तार होणार असून त्याच प्रस्तावात आमच्या शिवाराला लागून कोळसा भरण्याची नवी रेल्वे सायडिंग दाखवलेली आहे. जनसुनावणीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली आहे, आणि पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाचा मराठी सारांश मी गेल्या आठवड्यात पंचायतीच्या कार्यालयात बसून दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना सगळे ठीकच वाटले. हवा मानकात आहे, पाणी मानकात आहे, धूळ बसावी म्हणून पाणी मारले जाईल, कुंपणाच्या आत झाडांच्या तीन ओळी लावल्या जातील. दुसऱ्या वेळी मी फक्त तारखांवरून बोट फिरवले आणि तिथेच थांबलो.

हवा, पाणी आणि माती यांचे सगळे नमुने मार्च ते मे या तीन महिन्यांतले आहेत. आमचा नाला मार्चमध्ये डबक्यांपुरता उरतो आणि एप्रिलअखेर त्यात पाऊलही भिजत नाही. सारांशातल्या तक्त्यात नाल्याच्या नावासमोर ‘प्रवाह नाही’ एवढेच लिहिले आहे. म्हणजे सायडिंगवरचे पाणी ज्या नाल्यात उतरणार आहे, त्या नाल्याच्या पाण्याची एकही नोंद अहवालात नाही. तोच नाला जुलैत दोन्ही काठ धरून वाहतो, दिवाळीपर्यंत त्यावर आमचे पंप चालतात, गावातली गुरे त्याच पाण्यावर असतात आणि पुढे तो वर्धेला मिळतो.

पऱ्हाटीचेही, म्हणजे कापसाच्या पिकाचेही, तसेच झाले आहे. माझे वावर सायडिंगच्या जागेच्या नैऋत्येला येते. अहवालात वारा मुख्यतः वायव्येकडून दाखवला आहे, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे तो तिकडूनच येतो, आणि त्यावरून धूळ आग्नेयेकडच्या पडीक जमिनीवर जाईल असा निष्कर्ष काढला आहे. परंतु बोंडे फुटायला लागतात ऑक्टोबरमध्ये, वेचा जानेवारीपर्यंत चालतो आणि त्या दिवसांत वारा उत्तरेचा किंवा ईशान्येचा असतो. कापूस झाडावर उघडा असतो नेमक्या त्याच काळात धूळ माझ्या आणि माझ्या शेजाऱ्यांच्या वावरात येणार आहे, आणि अहवालाला ते महिने माहीतच नाहीत.

माझा खाणीला किंवा रेल्वेला विरोध आहे असे कृपया समजू नये. मला एवढेच विचारायचे आहे की हा आक्षेप सुनावणीत मांडता येतो का, आणि तो कोणत्या शब्दांत मांडला तर त्याची दखल घ्यावी लागेल?

जुनी फाईल (सोमवार, रात्री १०.४०)

भाऊ, आक्षेप निश्चितपणे मांडता येतो. मात्र तो ‘अहवाल बेकायदेशीर आहे’ असा मांडू नका. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली जे कार्यकक्षेचे मुद्दे, म्हणजे अभ्यासात काय काय पाहायचे त्याची यादी, प्रकल्पांना दिले जातात, त्यांत साधारणपणे पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती मागितली जाते. त्यामुळे सल्लागार संस्था शांतपणे उत्तर देईल की आम्ही सांगितल्याप्रमाणेच काम केले आहे, आणि तुमचा मुद्दा तिथेच संपेल. आपण असे म्हणावे की या विशिष्ट जागेसाठी, जिथे पाणी सोडण्याचे एकमेव ठिकाण पावसाळी नाला आहे आणि मुख्य पीक हिवाळ्यात वेचले जाते, तिथे एका हंगामाची माहिती अपुरी आहे आणि पावसाळ्याचे व वेचणीच्या काळाचे नमुने घेतल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. ज्यादा माहिती मागवण्याचा अधिकार तज्ज्ञ मूल्यांकन समितीला असतो, आणि गावकऱ्यांनी नेमकेपणाने दाखवलेली त्रुटी हे त्यासाठी पुरेसे कारण ठरू शकते.

सुनावणीच्या पद्धतीबद्दलही थोडे सविस्तर लिहितो, कारण मंडपात गेल्यावर गोंधळ होतो. सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचे नसलेले प्रतिनिधी तिचे कामकाज पाहतात. किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. गणपूर्तीची अट नाही, म्हणून गाव आले नाही तरी सुनावणी ‘झाली’ असेच धरले जाते. बहिष्कार टाकण्यापूर्वी याचा विचार करावा. सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी उपस्थित झालेले मुद्दे आणि त्यांवरची उत्तरे यांचे निवेदन स्थानिक भाषेत वाचून दाखवले जाते आणि संमत इतिवृत्तावर त्याच दिवशी सही होते. माझ्या नोकरीच्या काळात मी अनेक सुनावण्या मागच्या खुर्चीत बसून पाहिल्या. दुपारी जेवणाच्या वेळेला मंडप रिकामा होतो आणि इतिवृत्त वाचले जाते तेव्हा ऐकायला कोणी नसते. बोललेला मुद्दा कागदावर आला की नाही हे पाहण्याची तीच एक वेळ असते, म्हणून चार माणसे शेवटपर्यंत थांबवा. लेखी निवेदन देऊन त्याची पोच घेतली तर उत्तमच.

आणखी एक महत्त्वाची बाब. २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत केवळ रेल्वे सायडिंग असा स्वतंत्र प्रकार नाही. हीच सायडिंग एखाद्याने वेगळी प्रस्तावित केली असती, तर जलप्रदूषणाच्या १९७४ च्या आणि वायुप्रदूषणाच्या १९८१ च्या कायद्याखालील मंडळाची संमती एवढ्यावर काम भागले असते आणि जनसुनावणी झालीच नसती. ती खाणीच्या प्रस्तावात आली आहे म्हणून तुम्हाला बोलायला मिळते आहे. पुढे ती खाणीपासून तोडून वेगळी केली जाणार नाही आणि तिच्या अटी खाणीच्या मंजुरीतच राहतील, असे इतिवृत्तात लिहून घ्या. प्रस्ताव विस्ताराचा आहे, तेव्हा जुन्या मंजुरीतील अटी पाळल्याचा मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाचा प्रमाणित अहवालही मागा. ते कार्यालय नागपूरलाच आहे.

जाता जाता एक सूचना. सायडिंगच्या जागेचे सातबारे काढून पाहा. त्यांत कुठे ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असेल तर २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार ती जमीन वनजमीन समजली जाते आणि वेगळी परवानगी लागते. गावाचे निस्तारपत्रकही तलाठ्याकडून घ्या. गुरांचे पाणी, पांदण आणि वहिवाट यांच्या नोंदी त्यात सापडल्या तर तुमचे म्हणणे तोंडी राहत नाही.

टिप्पर ३१ (मंगळवार, सकाळी ७.१५)

मी याच परिसरातला आहे आणि माझा स्वतःचा एक टिप्पर आहे, ज्याचे हप्ते अजून चालू आहेत. सायडिंग झाली तर मला घराजवळ काम मिळेल, त्यामुळे माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे असणार हे आधीच सांगतो. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुलांना शेतीवर घर चालवता येत नाही. ती मुले चालक आहेत, पेलोडरवर आहेत, वजनकाट्यावर आहेत. धूळ आम्हीही खातो, आणि तुमच्यापेक्षा जास्त खातो.

पण अहवालात जे लिहिले आहे आणि आम्ही रोज जे पाहतो त्यांत फरक आहे, तो मात्र लिहिलाच पाहिजे. एका रेकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीत, ५८-५९ वाघिणी (मालाचे डबे) असतात आणि त्यात सुमारे चार हजार टन कोळसा जातो. पंचवीस टनांच्या गाडीने तो आणायचा म्हटले तर एका रेकसाठी १६० खेपा भरून आणि १६० खेपा रिकाम्या, अशा ३२० गाड्या तुमच्या रस्त्यावरून जातात. रिकामी गाडी धूळ करत नाही असा समज असेल तर तो चुकीचा आहे. फाळक्याला चिकटलेली भुकटी रिकाम्या गाडीतूनच जास्त उडते, कारण तिच्यावर ताडपत्री नसते आणि ती वेगात असते. भरलेल्या गाडीची ताडपत्रीसुद्धा पुष्कळ ठिकाणी काट्यापुरतीच बांधलेली असते. चालकाला खेपेवर पैसे मिळतात, ताडपत्री बांधण्याचे मिळत नाहीत, हे त्याचे कारण आहे. ही गोष्ट अटीत ‘ताडपत्री बंधनकारक’ असे लिहून सुटणार नाही.

आणि सर्वांत जास्त धूळ रस्त्यावर होत नाही, भरताना होते. पेलोडर बकेट उचलून वाघिणीच्या वर नेतो आणि सोडतो, तेव्हा कोळसा वरून खाली पडतो आणि ढग उठतो. रेक वेळेत भरली नाही तर रेल्वे विलंबशुल्क लावते, म्हणून त्या चार-पाच तासांत कोणी पाण्याच्या टँकरसाठी थांबत नाही. रात्री रेक लागली तर पहाटे जवळच्या घरांच्या रांजणाच्या झाकणावर बोटाने नाव लिहिता येते.

सीतादही (मंगळवार, दुपारी २.०५)

दादांनी खरे ते लिहिले, त्याबद्दल त्यांचे आभार. माझे माहेर दुसऱ्या एका जुन्या सायडिंगच्या जवळ आहे आणि मी लग्नाआधी सहा हंगाम तिथे कापूस वेचला आहे, म्हणून कापसाचे काय होते ते मला सांगता येईल.

बोंड उकलले की पहिले दोन-तीन दिवस कापूस आत घट्ट असतो. त्यानंतर तो फुलून बाहेर लोंबतो आणि पहाटेच्या दवाने ओला होतो. धूळ त्या ओल्या कापसाला धरते. ऊन चढल्यावर कापूस वाळतो, पण धूळ झटकून जात नाही. ती धाग्यांच्या आत बसते आणि काळ्या बारीक रेघेसारखी दिसते. वेचताना बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके बोटांना लागतात, त्यांवरची भुकटी हाताला येते, आणि त्याच हाताने आपण पुढचा पांढरा कापूस काळा करतो. संध्याकाळी ओटीतला कापूस गंजीवर टाकताना कडेच्या ओळींचा आणि आतल्या ओळींचा कापूस रंगावरून वेगळा ओळखता यायचा. आई तो वेगळा बांधायची. जिनिंगमध्ये ग्रेडर मूठभर कापूस घेऊन दोन्ही हातांनी फाकवून उजेडाकडे धरत असे, एवढेच पाहून भाव खाली आणत असे, आणि वेगळा बांधला नसता तर सगळ्या गाडीचाच भाव पडला असता.

वेचणाऱ्या बाया धुऱ्याकडच्या ओळी घ्यायला तयार नसत, कारण मजुरी किलोवर मिळते आणि तिथला कापूस जपून, निवडून वेचावा लागतो. डोळे चुरचुरतात ते वेगळेच. आमच्याकडे सीतादही करूनच पहिला वेचा होतो. दहीभात ठेवून पूजा करतात ती शेताच्या कडेला, आणि त्या कडेच्याच ओळी कोणाला नको असायच्या.

पीकविम्यात हे नुकसान बसत नाही, कारण ते नैसर्गिक आपत्तीत मोडत नाही. कृषी सहायकांना पंचनाम्यासाठी बोलावले तर ते पाऊस, गारपीट, कीड याच रकान्यांत लिहू शकतात. माझी विनंती आहे की सुनावणीत धुळीने खालावलेल्या कापसाच्या पंचनाम्याची पद्धत आधीच ठरवून मागावी. कोणी मोजायचे, कोणत्या महिन्यात मोजायचे आणि भावातला फरक कोणी द्यायचा, हे सायडिंग सुरू झाल्यावर विचारले तर कोणीही उत्तर देत नाही. माझ्या माहेरच्यांनी विचारून पाहिले आहे.

प्रयोगवही (मंगळवार, रात्री ८.३०)

मी तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवतो. पाण्याविषयी सारांशात नेमके काय लिहिले आहे, हे धुऱ्यावरचा भाऊंनी कळवावे. निवळण टाकी दाखवली असेल, तर तिची मापे हवी आहेत.

धुऱ्यावरचा (मंगळवार, रात्री ९.००)

सर, सारांशात पुढीलप्रमाणे आहे: साठवण यार्डाभोवती चर खोदून पावसाचे पाणी निवळण टाकीत घेतले जाईल, निवळलेले पाणी धूळ दाबण्यासाठी वापरले जाईल आणि ‘अतिरिक्त पाणी असल्यास’ नाल्यात सोडले जाईल. टाकी २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद दाखवली आहे. खोली कुठेही दिलेली नाही. यार्डाचे क्षेत्र एका ठिकाणी ‘काही हेक्टर’ असे आहे आणि नकाशावर प्रमाण छापलेले नाही.

प्रयोगवही (मंगळवार, रात्री १०.२०)

आभारी आहे. आता हिशेब पाहा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. आपल्याकडे पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पडणे ही काही न घडणारी गोष्ट नाही. त्या दिवशी यार्डाच्या प्रत्येक हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी उतरेल. काही ढिगात मुरेल, काही जमिनीत जाईल. परंतु यार्डाला काँक्रीटचा तळ केला तर, जो भूजलासाठी करायलाच हवा, बहुतेक सगळे वाहून येईल. टाकीची खोली उदारपणे तीन मीटर धरली तरी तिच्यात सहा लाख लिटर मावते. म्हणजे एकाच हेक्टरचे पाणी तिला पेलत नाही, आणि यार्ड ‘काही हेक्टर’ आहे. ‘अतिरिक्त पाणी असल्यास’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक मोठ्या पावसात पाणी नाल्यात जाणार, असाच होतो.

त्यातही टाकी भरली म्हणजे पाणी निवळले असे नसते. कोळशाची बारीक भुकटी हलकी असते. तिला तळाशी बसायला तासन्‌तास स्थिर पाणी लागते. वरून धो धो पाणी येत असेल तर टाकी केवळ वाटेतला खड्डा ठरते, आणि काल तळाशी बसलेला गाळसुद्धा ढवळून बाहेर पडतो. जमिनीवरच्या जलस्रोतात सोडायच्या पाण्यात निलंबित कण लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत आणि सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप) ५.५ ते ९ असावा, असे मानक आहे. त्यामुळे सुनावणीत टाकीची खोली, किती पावसासाठी ती आखली आहे आणि गाळ कधी, कोण, कुठे काढणार, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत.

सामूचा मुद्दा मुद्दाम काढला. कोळशात थोड्याफार प्रमाणात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज असते. ढीग उघड्यावर राहिला की हवा आणि पाणी मिळून त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, पाण्याचा सामू उतरतो आणि लोह विरघळून बाहेर येते. तेच लोह पुढे नाल्यात मोकळ्या हवेत आले की दगडांवर तांबूस-पिवळा थर धरतो. गेल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना एका चालू सायडिंगच्या खालच्या बाजूच्या ओढ्यावर नेले होते. तिथून पहिल्या मोठ्या पावसानंतर काचेच्या बाटलीत पाणी भरून आणले आणि वर्गाच्या खिडकीत ठेवले. पहिल्या दिवशी ते सरसकट काळे होते. दुसऱ्या दिवशी तळाशी बोटभर काळा थर बसला आणि वरचे पाणी पारदर्शक झाले. चौथ्या दिवशी काचेच्या आतल्या बाजूला तांबूस कडे उमटले. मुलांनी विचारले की वरचे पाणी आता स्वच्छ आहे का, आणि आम्ही त्यात लिटमस बुडवून पाहिला. तो लाल झाला. आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर असल्यामुळे काही आम्ल वाटेतच मारले जाते, ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पण नाल्याच्या तळाशी बसलेल्या गाळाला चुना काही करू शकत नाही. मासळीची अंडी, शिंपले, गोगलगायी हे सगळे त्या तळाशीच असते.

आपण भरलेली बाटली न्यायालयात पुरावा ठरत नाही, हेही लक्षात असू द्या. जल कायद्यानुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर सूचना देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, मोहोरबंद केलेला नमुनाच ग्राह्य धरला जातो. आपल्या बाटलीचा उपयोग त्या अधिकाऱ्याला योग्य दिवशी योग्य जागी बोलावण्यासाठी आहे.

वर्धाकाठ (बुधवार, सकाळी ६.५०)

एक गोष्ट राहून गेली आहे. २०२२ च्या जुलैमध्ये वर्धेला पूर आला तेव्हा आमच्या भागातले नाले उलटे फिरले होते. नदीचे पाणी नाल्याने वर चढले आणि दोन दिवस शिवारात उभे राहिले. तुमच्या सायडिंगची जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या कोणत्या बाजूला येते, हे नकाशावर दाखवायला सांगा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. ढिगात पाणी शिरले तर कोळसा नाल्यातून नदीकडे जाणार नाही, तो तुमच्या धुऱ्यांवर येऊन बसेल.

मातीचा माणूस (बुधवार, सकाळी ११.३०)

सर्वांचे वाचले. सगळेजण अटी मागत आहेत, नकार कोणीच मागत नाही, याचे मला वाईट वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांची मोजणी केली तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले होते आणि देशात आपला क्रमांक चौथा होता. सत्तरच्या वर म्हणजे अतिप्रदूषित. २०१० च्या जानेवारीत अशा ४३ भागांत नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीला स्थगिती मिळाली होती, त्यांत चंद्रपूर होते. ती पुढे उठली आणि पुन्हा प्रकल्प सुरू झाले. ज्या जिल्ह्याने एवढे सोसले आहे, त्याच्या नाल्यावर आणखी एक सायडिंग नको, असे सरळ का म्हणू नये? अटी कागदावर राहतात. पाणी मारण्याचे टँकर साहेब येण्याच्या दिवशीच फिरतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

जुनी फाईल (बुधवार, दुपारी १.१५)

मातीचा माणूस, आपला संताप मला समजतो आणि सरळ नकार मांडण्याचा आपला हक्क कोणीही काढून घेऊ शकत नाही. ‘ही जागा योग्य नाही, पर्यायी जागांचा अभ्यास दाखवा’ हेसुद्धा सुनावणीत म्हणता येते आणि म्हटले पाहिजे. परंतु जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तिथे किती जण ‘नको’ म्हणाले हे मोजून निर्णय होत नाही. उपस्थित केलेल्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते, आणि समिती ती उत्तरे पाहते. केवळ ‘नको’ या शब्दाला ‘रोजगार मिळेल’ एवढे उत्तर पुरते. टाकीच्या खोलीला तसे उत्तर चालत नाही.

अटी कागदावर राहतात, ही आपली तक्रार मात्र खरी आहे. मंजुरीनंतर प्रकल्पाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर असे दोनदा अटींच्या पालनाचे अहवाल द्यावे लागतात. ते गावाने मागून वाचायला हवेत, आणि संकेतस्थळावर मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा. मंजुरी मिळाल्यावर ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची असते. सबळ कारण दाखवले तर आणखी साठ दिवसांपर्यंत विलंब माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही. आपल्यासाठीचे खंडपीठ पुण्यात आहे. ही मुदत गावांच्या हातून वारंवार निसटते, कारण मंजुरी मिळाल्याचे गावात कळते तेच फार उशिरा.

टिप्पर ३१ (बुधवार, रात्री ९.४५)

मी दिवसभर विचार करून हे लिहितो आहे. खाणीपासून सरकत्या पट्ट्याने कोळसा आणून बंदिस्त सायलोतून (उंच साठवण कोठीतून) वाघिणीत भरण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी आली आहे. कोल इंडियाने त्यासाठी ‘फर्स्ट माईल कनेक्टिव्हिटी’ या नावाने कार्यक्रमच घेतला आहे. सायलोखाली रेक साधारण तासाभरात भरते, वजन आधीच झालेले असते, पेलोडर लागत नाही आणि उघडा ढीगही मोठा ठेवावा लागत नाही. वर लिहिलेल्या ३२० फेऱ्यांपैकी एकही राहत नाही. उन्हाळ्यात उघड्या ढिगाला आपोआप आग लागून जो उग्र वास सुटतो, तोही टळतो. ही मागणी तुम्ही केली तर माझा टिप्पर घरी उभा राहील, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच काल मी ते लिहिले नाही.

माझी दोन वर्षांची मुलगी रात्री खोकते. मागणी करा. पण तिच्यासोबत हेही लिहा की पट्टा आणि सायलो चालवण्याचे, देखभालीचे आणि पाणी तपासणीचे काम आधी याच गावांतल्या मुलांना प्रशिक्षण देऊन मिळावे, आणि सध्या गाड्यांवर असलेल्यांची यादी सुनावणीतच जोडली जावी.

सीतादही (बुधवार, रात्री १०.१०)

दादा, ती यादी आमच्या बचत गटाच्या ताया घरोघर फिरून करून देतील. वेचणीच्या मजूर बायांची यादीही आम्ही तिलाच जोडू, कारण त्यांच्या नावावर सातबारा नसतो आणि नुकसानीच्या कागदात त्या कुठेच येत नाहीत.

धुऱ्यावरचा (गुरुवार, रात्री ८.२०)

सर्वांच्या मदतीने निवेदनाचा कच्चा मसुदा तयार झाला आहे आणि विशेष ग्रामसभेची मागणी सरपंचांकडे लेखी दिली आहे. मसुद्यातला मुख्य भाग इथे देतो. शब्द चुकले असतील तर दुरुस्त करावेत.

“सायडिंगचे सांडपाणी ज्या नाल्यात सोडण्याचे प्रस्तावित आहे, त्या नाल्याचा एकही पाण्याचा नमुना अहवालात नाही, कारण पाहणीच्या काळात नाला कोरडा होता. तरी जुलै ते सप्टेंबर या काळात सायडिंगच्या जागेच्या वर, खाली आणि वर्धा नदीच्या संगमापाशी नमुने घेऊन, तसेच नाल्याच्या तळाच्या गाळाची तपासणी करून ती माहिती अंतिम अहवालात द्यावी. ऑक्टोबर ते जानेवारी या वेचणीच्या काळातील वाऱ्याची दिशा व धुळीचे मोजमाप सायडिंगच्या नैऋत्येकडील शेतांत घ्यावे, आणि केवळ चोवीस तासांची सरासरी न देता रेक भरण्याच्या तासांचे आकडे वेगळे दाखवावेत. निवळण टाकीची खोली, ती किती पावसासाठी आखली आहे याचा हिशेब आणि यार्डाचे नेमके क्षेत्र जाहीर करावे. पूररेषा दाखवणारा, प्रमाण छापलेला नकाशा मराठीत द्यावा. उघड्या यार्डाऐवजी पट्टा व सायलोचा पर्याय का घेतला नाही, याचे कारण द्यावे. सायडिंग पांदण ओलांडत असल्यामुळे बैलगाडी व ट्रॅक्टर यांच्या वहिवाटीसाठी कोणती व्यवस्था आहे ते सांगावे. वरील माहिती मिळेपर्यंत सायडिंगपुरता प्रस्ताव विचारात घेऊ नये.”

चोवीस तासांच्या सरासरीचे वाक्य मी टिप्पर दादांचे वाचून घातले. सूक्ष्म धूलिकणांचे, म्हणजे पीएम १० चे, दिवसाचे मानक घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. चार तास ढग उठून उरलेले वीस तास हवा मोकळी राहिली तर सरासरी मानकात बसू शकते, आणि रांजणावरची धूळ मात्र तिथेच राहते.

प्रयोगवही (गुरुवार, रात्री ९.०५)

मसुदा चांगला आहे. ‘वर, खाली’ याऐवजी ‘प्रवाहाच्या वरच्या बाजूला व खालच्या बाजूला’ असे करा. आणि विहिरी राहिल्या. नाल्याकाठच्या विहिरींचे पाणी आताच तपासून ठेवले नाही, तर पुढे बिघाड झाल्यावर ‘पाणी आधीपासूनच असे होते’ असे उत्तर मिळते.

धुऱ्यावरचा (गुरुवार, रात्री ९.३०)

दुरुस्ती केली, सर. विहिरींचे वाक्यही घातले. नाल्याकाठी सात विहिरी आहेत आणि त्यांतल्या दोन पिण्याच्या आहेत. शनिवारी सकाळी सात वाजता पुलावर जमू या. बाटल्या, चिकटपट्टी आणि वही मी आणतो, सीतादही ताईंच्या गटातल्या दोघी येणार आहेत आणि टिप्पर दादांनी मोटारसायकल देतो म्हणून फोन केला होता. नमुने त्याच दिवशी दुपारपर्यंत प्रयोगशाळेत पोचले पाहिजेत, म्हणून कोणी उशीर करू नये.